चिठ्ठीचा महिना

सोमवार, १३ जून २००५. प्राचार्यांची खोली, सकाळी साडेअकरा. हजर: प्राचार्य, ग्रंथपाल, संगणकशास्त्राचे सर, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर बाई, आणि नोंदी घ्यायला कार्यालय अधीक्षक, म्हणजे मी. गैरहजर कोणी नाही.

खोलीत आणखी एक माणूस होता. ते शिडीवर उभे राहून प्राचार्यांच्या डोक्यावरचा पंखा उघडत होते. सगळं कॉलेज त्यांना मिस्त्री म्हणायचं. त्यांचं नाव मी हजेरीत घेतलं नाही, कारण ते बैठकीला आलेले नव्हते, पंख्याला आलेले होते.

ही हजेरी मी त्या वर्षीच्या डायरीतून उतरवली आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची, प्रवासाला निघताना बॅगेतल्या सामानाची, ऑफिसात रोजच्या कामांची. काम झालं की ओळीसमोर खूण, राहिलं की दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा तीच ओळ. जुन्या डायऱ्या टाकत नाही. म्हणून हे सगळं कोणत्या क्रमाने घडलं ते मला नीट सांगता येतं, आणि त्यात माझा हात कुठे होता तेही.

विषय असा होता. विद्यापीठाचं पत्र आलं होतं की संलग्न महाविद्यालयांनी इमारती, पाणी, वीज, फर्निचर यांच्या देखभालीच्या नोंदी संगणकावर ठेवाव्यात. पुढे मूल्यांकनाची समिती येणार होती आणि ती हेच आधी विचारणार, असं प्राचार्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं. कोणतं घ्यायचं ते आम्ही ठरवायचं, पण मंजुरी संस्थेची. आणि संस्थेचे सचिव साहेब कोणत्याही खरेदीला एकच प्रश्न विचारायचे, "गरज काय?"

"मॅडम," प्राचार्य मला म्हणाले, "तक्रार रजिस्टर काढा. वर्षभरात नळ, लाईट, बाकडी, कशाकशाच्या किती तक्रारी आल्या, त्यातून गरजेचं टिपण तयार करा. तुम्ही करा, म्हणजे पक्कं होतं."

मी लगेच ओळ लिहिली: 'गरजेचे टिपण.' तिच्या वरची ओळ आठवडाभर तशीच उतरत आली होती: 'मिस्त्रींचा दाखला.'

त्या दाखल्याबद्दल आधी सांगते. आमचं कॉलेज हायवेपासून थोडं आत आहे. १९८६ साली त्याची पहिली इमारत उठत होती तेव्हा मिस्त्री पाइप टाकायला आले आणि मग राहिलेच. अंतरवाली सराटीकडून सायकलने वडीगोद्री, तिथून मिळेल त्या गाडीने कॉलेज. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. आमच्याकडे वायरमनची मंजूर जागा एकच, आणि त्या जागेवरचे गृहस्थ नुकतेच मे महिन्यात निवृत्त झाले होते. मिस्त्रींनी त्या जागेसाठी अर्ज दिला होता. सोबत सलग आणि समाधानकारक कामाचा दाखला लागणार होता.

"सत्तेचाळीस झाले मॅडम मला," अर्ज देताना ते म्हणाले होते. "आता न्हाई झालं तर मंग कधी व्हायचं? पुन्हा जागा निघंल तवा मी घरी बसलेला असंल."

"होईल मिस्त्री. मी लिहून ठेवलंय."

"तुम्ही लिहिलं म्हंजे झालंच." हे त्यांनी चेष्टेने म्हटलं नव्हतं.

तक्रार रजिस्टर कपाटात वरच्या कप्प्यात होतं. उघडलं तर वर्षभरात अकरा नोंदी. त्यातल्या चार ग्रंथपालांच्या, वाळवीबद्दल, सुंदर अक्षरात. एक कोणा विद्यार्थ्याची, कँटीनच्या चहाबद्दल. म्हणजे नळ, लाईट, पंखे, कुलपं मिळून सहा.

सहा तक्रारींवर सॉफ्टवेअर कोण मंजूर करणार?

आमच्याकडे तक्रार लिहायची रीतच नव्हती. नळ गळला की ज्याला दिसेल तो मिस्त्रींना हाक मारायचा. ते जिन्यात भेटोत, चहाच्या टपरीवर भेटोत, गेटात गाडीतून उतरताना भेटोत. "मिस्त्री, लॅबमधला पंखा खडखड करतोय हो." "आलो सर, तिकडंच जाऊन राह्यलो." संध्याकाळी पंखा गप्प. लिहायचं कशाला? लेखी तक्रार करणं म्हणजे भांडण काढणं, असाच सगळ्यांचा समज होता.

बरं, एवढं सगळं त्यांच्या लक्षात कसं राहतं ते मला कधीच कळलं नव्हतं. टिपणासाठी म्हणून मी पहिल्यांदा मोटारीच्या खोलीत गेले. खोली म्हणजे विहिरीजवळ चार भिंती, पत्रे आणि लोखंडी दार. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं होतं. 'लॅब २ पंखा. मुली मोरी. सर वर्ग ९ बटन. टाकी पाना.' काही ओळी पुसलेल्या, ओल्या फडक्याचे फराटे दिसत होते.

"ही तुमची यादी?" मी विचारलं.

"हो मॅडम. सांगितलं की लिवतो. झालं की पुसतो."

"पुसता का?"

"झालं न काम. ठिवून काय करायचं? दार एवढंच हाय."

एकोणीस वर्षांची रोजची यादी त्या दारावर लिहिली गेली होती आणि रोज संध्याकाळी पुसली गेली होती. मला ते अगदी टोचलं. यादी पुसणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

जुलैत प्रात्यक्षिकं झाली. तीन पर्याय होते. एक पुण्याची कंपनी, एक औरंगाबादची दोन माणसांची छोटी कंपनी, आणि तिसरे आमचेच संगणकशास्त्राचे सर. त्यांचं म्हणणं, बाहेरून घ्यायची गरजच नाही, ते स्वतः विद्यार्थ्यांकडून लिहून घेतील.

पुण्याचे गृहस्थ टाय लावून आले. पडद्यावर इंग्रजी खिडक्या उघडत गेले. "कॅम्पसमध्ये लिफ्ट किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक आहे," ग्रंथपाल म्हणाले. "वरच्या मजल्यावर पुस्तकं न्यायला दोरी आणि टोपली. वर्षातून एकदा दोरी बदलतो. तेही येईल का तुमच्यात?"

ते हसले, पण तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक कॅलेंडरशेजारी टांगलेलं असायचं आणि तरी वीज त्याच्या बाहेर जायची. संगणक बंद, यूपीएस दोन मिनिटं कोकलला आणि तोही गेला. गृहस्थ रुमालाने कपाळ पुसत बसले. मी माझ्या तक्त्यात लिहिलं: 'विजेशिवाय काही दाखवता आले नाही.'

औरंगाबादची दोघं आली ती प्रत्येक पडद्याच्या छापील प्रती घेऊनच. "लाईट जाईल म्हणून," त्यातला एकजण म्हणाला. मी तिथेच त्यांना गुण दिले. त्यांचं काम साधं होतं. तक्रार भरा, तिला क्रमांक पडतो, काम झालं की तारीख भरा, महिनाअखेर मराठीत छापील अहवाल. इंटरनेट लागत नव्हतं. कोणी काम केलं त्याचा कर्मचारी क्रमांक भरल्याशिवाय नोंद बंदच होत नव्हती. मला हे फार आवडलं. तक्त्यात माझ्याच अक्षरात आहे: 'कर्मचारी क्रमांक सक्तीचा. उत्तम. जबाबदारी ठरते.'

संगणकाचे सर नाराज झाले. "मॅडम, मी केलं असतं तर पाहिजे तेव्हा पाहिजे ते बदलता आलं असतं."

"आणि तुमची बदली झाली तर? तुमचे विद्यार्थी पास होऊन गेले तर?"

"खर्च तरी वाचला असता."

"सर, एकदा बसवलं की दहा वर्षं कोणाला विचारावं लागू नये असं पाहिजे."

औरंगाबादच्या कंपनीची निवड झाली. राहिलं गरजेचं टिपण.

ते कसं करायचं याचा विचार मी दोन दिवस केला आणि तिसऱ्या दिवशी परिपत्रक काढलं. 'दिनांक १ ऑगस्टपासून एक महिना कोणतेही दुरुस्तीचे काम लेखी चिठ्ठीशिवाय करण्यात येणार नाही. चिठ्ठीवर विभागप्रमुखांची सही असावी. चिठ्ठ्या कार्यालयात द्याव्यात. क्रमांक पडल्यावर क्रमाने काम होईल.' प्राचार्यांना दाखवलं. "छान," ते म्हणाले, "पण सही तुमचीच असू द्या." खाली माझी सही.

मिस्त्रींना मी बोलावून समजावून सांगितलं. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं.

"म्हंजे नळ गळून राह्यला तरी बघत बसायचं?"

"चिठ्ठी येऊ द्यायची. एकच महिना आहे. किती कामं असतात ते कागदावर दिसलं पाहिजे."

"अन् ज्यांचा नंबर मागं हाय त्यांचं काम दोन मिनटाचं असलं तर?"

"तरी नंबरानेच. नाहीतर हिशोब राहत नाही."

"बराबर," ते म्हणाले. मला वाटलं, पटलं.

पहिले चार दिवस एकही चिठ्ठी आली नाही. लोक त्यांना पूर्वीसारखेच गाठत होते आणि ते हात जोडून सांगत होते, "चिठ्ठी आणा, मॅडमचा ऑर्डर हाय." मग रेक्टर बाईंच्या मोरीतलं पाणी जिन्यापर्यंत आलं आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. एकदा सुरू झाल्या त्या थांबेनात. दोन जिन्यांमधला दिवा, वर्गाची कडी, टाकीचा फ्लोट, स्टाफरूमच्या कपाटाचं बिजागर. पावसाळ्याचे दिवस, त्यात गच्चीवरून गळती. मी प्रत्येकीला क्रमांक देत होते आणि मनातून खूश होत होते. चिठ्ठ्यांची चळत वाढत होती.

कामं मात्र पुढे सरकत नव्हती. विभागप्रमुख रजेवर असले की चिठ्ठी सहीसाठी अडायची. सही झाली की शिपायाच्या खिशात एक दिवस. माझ्याकडे क्रमांक पडून मिस्त्रींच्या हातात जाईपर्यंत आणखी एक. आणि मिस्त्री क्रम मोडत नव्हते. बारा नंबरच्या चिठ्ठीतल्या बाकड्याचा पाय बसवायला सुताराकडून लाकूड यायचं होतं, तर त्यांनी तेरा नंबर हातात घेतला नाही.

"तेरा करा ना मिस्त्री, बारा राहू द्या," मी म्हटलं.

"परिपत्रकात क्रमानं लिवलंय."

ते मला धडा शिकवत होते की सांगितलेलं पाळत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून आजही ठरवता येत नाही. मी 'क्रमाने' हा शब्द मागे घेऊ शकले असते. घेतला नाही. महिना बिघडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एक गोष्ट त्यांनी केली. जिथे जिथे गळत होतं तिथे बकेट नेऊन ठेवली. कॉलेजातल्या बकेटा संपल्या तेव्हा त्यांनी रंगाचे रिकामे डबे आणले. ग्रंथालयात एक, प्रयोगशाळेत दोन, वसतिगृहाच्या जिन्यात चार. सकाळ-संध्याकाळ ओतून यायचे.

"हे कोणत्या चिठ्ठीत बसतं?" ग्रंथपालांनी त्यांना माझ्यासमोर विचारलं.

"हे काम न्हाई सर. ही नुसती बकेट हाय."

३१ ऑगस्टला बेरीज केली. चिठ्ठ्या एकशे त्रेसष्ट. पूर्ण ब्याण्णव. प्रलंबित एकाहत्तर. माझं टिपण दोन पानांत बसलं. 'केवळ एका महिन्यात एकशे त्रेसष्ट तक्रारी प्राप्त झाल्या असून त्यांपैकी एकाहत्तर प्रलंबित आहेत. सध्याची पद्धत अपुरी आहे हे यावरून स्पष्ट होते.' सोबत विभागवार तक्ता. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, असं टिपण मी आजवर पाहिलं नाही." मी ओळीसमोर खूण केली.

सप्टेंबरच्या शेवटी संस्थेची बैठक झाली. नोंदी घ्यायला मी होतेच. सचिव साहेबांनी टिपण शांतपणे वाचलं. सॉफ्टवेअरला पाच मिनिटांत मंजुरी. मी पुढचा विषय वाचायला घेतला तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. एकाहत्तर कामं तुंबलेली? महिन्यात?"

"हो साहेब," प्राचार्य म्हणाले.

"मग हा मिस्त्री काय करतो? यालाच कायम करायचा अर्ज आहे ना आपल्याकडे?"

मी म्हटलं, "साहेब, ती कामं त्यांच्यामुळे राहिली नाहीत. चिठ्ठीची पद्धत—"

"चिठ्ठी मिळाल्यावर काम करायचं, यात अवघड काय आहे? आकडा तुमचाच आहे मॅडम. सही तुमची. विभागवार तक्ता जोडलाय, उत्तम केलंय."

ठराव झाला: देखभालीचं काम पुढच्या वर्षापासून ठेकेदाराकडे देण्याचा विचार करावा. वायरमनच्या जागेचा अर्ज तूर्त स्थगित. दाखल्याची ओळ माझ्या डायरीत अजून तशीच उतरत होती. तो ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला. लिहिणं हे माझं कामच होतं.

मिस्त्रींना मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळलं असतं तर ते मला बरं वाटलं नसतं. मोटारीच्या खोलीत गेले. ते पंपाचं पॅकिंग बदलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि हात फडक्याला पुसले.

"एकाहत्तर," ते म्हणाले. "मॅडम, त्यातले साठ तरी मी एका हप्त्यात काढले असते. तेबी घाई न करता."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत हाय, पर कागदाला न्हाई न."

मग पुन्हा पान्याकडे वळून म्हणाले, "चिठ्ठीचा महिना तुम्हीच काढला. मंग आता तुम्हीच बघा." आवाज चढला नव्हता. मला तो चढलेला चालला असता.

दार उघडंच होतं. आतल्या बाजूला खडूच्या नव्या ओळी होत्या. चिठ्ठीचा महिना संपला त्याच दिवशी त्यांनी पूर्वीसारखं सुरू केलं होतं. थांबलेली एकाहत्तर कामं पहिल्या पाच-सहा दिवसांत संपली होती आणि पुसली गेली होती. माझ्या टिपणात मात्र ती प्रलंबितच होती.

दुसऱ्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं: 'संस्थेला दुरुस्तीचे टिपण. कारण, माझे परिपत्रक.' ते टिपण मी आठवड्यात दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं की क्रमाची अट मी घातली होती, ती चुकीची होती आणि विलंब तिच्यामुळे झाला. प्राचार्यांना ते आवडलं नाही. "स्वतःच्या हाताने स्वतःवर कशाला लिहून घेता?" पण पुढे पाठवलं. सचिव साहेबांचा शेरा आला: ठेकेदाराचा विचार एक वर्ष थांबवावा. नव्या सॉफ्टवेअरमधून सदर रोजंदारी कर्मचाऱ्याच्या कामाचा वर्षभराचा अहवाल सादर करावा. मग अर्जाचा विचार करू.

मला हे न्याय्य वाटलं. आता कागद त्यांच्या बाजूने बोलेल अशी माझी खात्री होती.

दिवाळीच्या सुटीत औरंगाबादची माणसं सॉफ्टवेअर बसवायला आली. त्यांना सगळ्या वस्तूंची यादी हवी होती: पाइप कुठून जातो, कॉक कुठे, फ्यूज कुठे. नकाशा कोणाकडेच नव्हता. मिस्त्री पुढे आणि मी वही घेऊन मागे, असं आठ दिवस रिकाम्या कॉलेजात फिरलो. बोगनवेलीच्या मुळाशी त्यांनी पायाने माती सरकवली, खाली लोखंडी झाकण. "हा मुख्य कॉक. हा बंद केला की वसतिगृहाचं पाणी बंद. अठ्ठ्याऐंशीला मीच पुरलाय." स्टाफरूमच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणायचे, "इथं आतून लाइन हाय, खिळा मारू देऊ नका." मी लिहीत होते. वही भरली, दुसरी घेतली.

"एवढं सगळं डोक्यात ठेवलंत?"

"मीच टाकलंय तर दुसऱ्याच्या डोक्यात कसं राहील?"

डिसेंबरात पहिली नोंद भरायला बसलो. तक्रार: ग्रंथालयातील दिवा. काम झाले: होय. तारीख भरली. काम करणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक?

मिस्त्रींना क्रमांक नव्हता. रोजंदारीवरच्या माणसाला आमच्याकडे क्रमांक नसतो. रकाना रिकामा ठेवला तर नोंद बंद होईना. मी औरंगाबादला फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर सक्तीचं चांगलं म्हणाला होता. क्रमांक नसेल तर यादीत सगळ्यात खाली 'इतर' आहे, ते निवडा. नाव टाकायची सोय करायची तर नवीन रकाना करावा लागेल, त्याला वेगळी मंजुरी लागेल." वेगळ्या मंजुरीसाठी पुन्हा गरज काय ते लिहावं लागलं असतं. संगणकाचे सर माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

'इतर' निवडलं. वर्षभर तेच निवडत राहिलो.

२००६च्या डिसेंबरात अहवाल छापून संस्थेत ठेवला. पानामागून पान. तक्रार, तारीख, काम झाल्याची तारीख, बहुतेक त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची. आणि शेवटच्या रकान्यात, इतर, इतर, इतर.

सचिव साहेबांनी पानं उलटली. "मॅडम, हे इतर कोण आहेत? फार काम करतात."

सगळे हसले. मीही हसले असेन.

"साहेब, ते मिस्त्रीच आहेत."

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. या वेळी मी गप्प बसले नाही. दीड वर्षातलं सगळं, परिपत्रकापासून ते बोगनवेलीखालच्या कॉकपर्यंत, उभी राहून सांगितलं. ग्रंथपाल पाहुणे म्हणून बसले होते, त्यांनी मध्येच जोड दिली, "साहेब, माझ्या ग्रंथालयात पावसाळाभर बकेट ओतणारा माणूस 'इतर' नव्हता, एवढं मी लिहून देतो." साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. प्रत्येक विभागाने अहवालाच्या आपापल्या पानावर लिहून सही द्यावी की हे काम यांनीच केलं. आणि ती पहिली एकाहत्तर. त्यांचं काय झालं? त्या प्रत्येकासमोर कारण आणि काम झाल्याची तारीख मला पाहिजे. बिलकुल मोघम नको. तुमचं आधीचं टिपण मोघम होतं. मार्चच्या बैठकीत ठेवा. त्याच बैठकीत जागेचा निर्णय करून टाकू, इकडे किंवा तिकडे."

बाहेर आल्यावर मिस्त्रींना सांगितलं. ते गेटाशी उभेच होते.

"मार्चपर्यंत होईल न मॅडम?"

"होईल."

"मी लिवून ठिवलंय म्हणू नका फक्त," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

विभागांच्या सह्या जानेवारीत झाल्या. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. संगणकाच्या सरांनी तर स्वतः सगळ्या पानांवर खाली नाव छापून आणून दिलं. "आम्ही हे फुकटात करतो," म्हणाले. रेक्टर बाईंनी सहीसोबत मुलींचं एक पत्र जोडलं. ग्रंथपालांनी तीन पानं लिहिली, त्यातलं एक वाळवीवर. सगळ्या ओळींसमोर खूण झाली.

राहिली ती एकाहत्तर. ऑगस्टच्या चिठ्ठ्या माझ्याकडे दोऱ्यात ओवलेल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठी काढायची, तिच्या मागे मुळात किती वेळाचं काम होतं ते मिस्त्रींना विचारायचं, चिठ्ठी किती दिवस कोणाकडे अडली ते शिपायाच्या वहीतून बघायचं, काम खरोखर कधी झालं ते त्या त्या विभागाला विचारायचं, कारण दारावरचं पुसलेलं आहे. आणि कारणाच्या रकान्यात, जिथे खरं असेल तिथे, लिहायचं: 'कार्यालय अधीक्षकांच्या आदेशानुसार क्रमाने घेतल्यामुळे विलंब.' त्याखाली माझी छोटी सही. हे दुसऱ्या कोणाला देता येत नाही. जेवणाच्या सुटीत रोज तीन-चार होतात. मिस्त्री डबा संपवून येतात, समोरच्या स्टुलावर बसतात आणि चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून सांगतात, "हे? हे पाच मिनटाचं." मी लिहिते: पाच मिनिटे. अडकली: नऊ दिवस. कोणाकडे: माझ्याकडे.

बैठक बारा मार्चला आहे. आज सहा. काल अडतिसावी चिठ्ठी झाली. एकोणचाळिसावी वसतिगृहाच्या जिन्यातल्या दिव्याची आहे, तिच्यावर सही आहे पण तारीख नाही. रेक्टर बाईंना विचारायचं आहे. तिच्यापुढे आणखी बत्तीस.